मेंदूच्या गंभीर इजेनंतर सुधारणारा माणूस अधिक दुःखी का दिसतो? : आयुष्याची गुणवत्ता आणि आजाराविषयीची धारणा

आपल्या प्रश्नाचा आशय असा आहे. आपल्या थोरल्या बंधूंना, वय ३७, पंधरा महिन्यांपूर्वी वाहन अपघातात मेंदूला गंभीर इजा झाली. पहिले आठ महिने ते ‘मला काही झालेले नाही, उद्यापासून कामावर जातो’ असे सांगत असत. आयुष्याच्या गुणवत्तेविषयीची प्रश्नावली त्यांच्याकडून भरून घेतली तेव्हा त्यांनी स्वतःला भरघोस गुण दिले होते. आज ते चालतात, नीट बोलतात, स्वतःचे सगळे स्वतः करतात आणि ताज्या एमआरआयमध्येही नवे काही नाही. तरीही गेले तीन-चार महिने ते ‘माझे काहीच उरले नाही, डोके आतून सडत चालले आहे’ असे म्हणतात, आणि त्याच प्रश्नावलीतील त्यांचे गुण निम्म्यावर आले आहेत. वहिनींच्या मते मात्र ते कितीतरी सुधारले आहेत. यातले खरे कोणाचे, प्रकृती खालावते आहे का, आणि रुग्णाला स्वतःच्या आजाराविषयी काय वाटते याला उपचारात एवढे महत्त्व द्यायचे का, असे आपण विचारले आहे.

मेंदूच्या इजेनंतरच्या मानसशास्त्रीय पुनर्वसनात मी बरीच वर्षे काम करते आहे, आणि आपल्या वर्णनावरून मला सर्वाधिक संभवनीय वाटते ते असे की बंधूंना स्वतःच्या अवस्थेचे भान येऊ लागले आहे आणि त्यांच्या समाधानाचे गुण त्या भानामुळे घसरले आहेत. बंधू आणि वहिनी या दोघांपैकी कोणीही चूक सांगत नाही. मात्र हा निष्कर्ष काढण्याआधी काही वैद्यकीय शक्यता तपासून बाजूला ठेवल्या पाहिजेत, कारण ‘मानसिक आहे’ असे म्हणून त्या राहून गेल्या तर नुकसान मोठे होते. मेंदूतील पाण्याचा दाब किंवा साठा उशिराने वाढणे, अपस्माराच्या (फिट येण्याच्या) झटक्यांचा न ओळखलेला प्रकार, पिट्युटरी ग्रंथीची संप्रेरके कमी पडणे आणि झोपेत श्वास अडकणे ही कारणे इजेनंतर काही महिन्यांनीही उदासी, मंदपणा आणि थकवा आणू शकतात. झटके रोखण्यासाठी दिल्या जाणाऱ्या लेव्हेटिरासेटाम या औषधाने काही रुग्णांत चिडचिड आणि नैराश्य वाढते. एमआरआय समाधानकारक असला तरी संप्रेरकांची रक्ततपासणी, झोपेची चौकशी आणि औषधांचा फेरआढावा न्यूरॉलॉजिस्टकडून करून घ्यावा.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. इजा किती गंभीर आहे हे मोजण्याची साधने आपल्याकडे पन्नास वर्षांपासून आहेत. ग्रॅहम टीसडेल आणि ब्रायन जेनेट यांनी १९७४ साली शुद्धीची पातळी मोजणारा ग्लासगो कोमा स्केल मांडला. त्यात ३ ते १५ गुण असतात आणि ८ किंवा त्याहून कमी गुण म्हणजे गंभीर इजा. पुढच्याच वर्षी जेनेट आणि मायकेल बाँड यांनी इजेचा परिणाम सांगणारी पाच पायऱ्यांची मोजपट्टी दिली, आणि नंतर तिचा आठ पायऱ्यांपर्यंत विस्तार झाला. या दोन्ही मोजपट्ट्या उपयुक्त आहेत, पण त्या माणसाकडे बाहेरून पाहतात. तो डोळे उघडतो का, घरात एकटा राहू शकतो का, प्रवास करतो का, कामावर परतला का, हे त्या सांगतात. ज्याच्या वाट्याला हे सगळे आले त्याला आपले आयुष्य कसे वाटते, हे त्या सांगत नाहीत आणि तसा त्यांचा दावाही नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येतही आयुष्याची गुणवत्ता म्हणजे आपली संस्कृती, मूल्ये, ध्येये आणि अपेक्षा यांच्या संदर्भात स्वतःच्या स्थानाविषयी व्यक्तीला होणारी जाणीव. ही जाणीव मोजण्यासाठी पूर्वी सर्वसाधारण प्रश्नावल्या वापरल्या जात. त्यांतली सर्वात परिचित छत्तीस प्रश्नांची प्रश्नावली जिना चढता येतो का, अंग दुखते का, हे विचारते, पण स्मरणशक्ती किंवा एकाग्रता यांविषयी काहीच विचारत नाही. मेंदूला इजा झालेल्या माणसाच्या बाबतीत ही उणीव क्षुल्लक नाही. म्हणून २०१० साली निकोल फॉन स्टाइनबुखेल आणि त्यांच्या आंतरराष्ट्रीय गटाने खास मेंदूच्या इजेनंतरच्या आयुष्यासाठी ‘कोलिब्री’ ही ३७ प्रश्नांची प्रश्नावली प्रसिद्ध केली. विचारशक्ती, स्वतःविषयीची भावना, दैनंदिन जीवन व स्वावलंबन आणि नातेसंबंध या चार भागांत ‘आपण किती समाधानी आहात’ असे विचारले जाते, तर भावना आणि शारीरिक अडचणी या दोन भागांत ‘याचा आपल्याला किती त्रास होतो’ असे विचारले जाते. एकूण गुण ० ते १०० या मापात येतात आणि ६० च्या खालचे गुण चिंतेचे मानले जातात.

अशा प्रश्नावल्या वापरात आल्यावर एक गोष्ट वारंवार दिसू लागली. इजा जितकी गंभीर तितके समाधान कमी, असा सरळ हिशेब लागत नाही. बराच काळ बेशुद्ध राहिलेला, आजही मदतीवर अवलंबून असलेला माणूस कधीकधी उत्तम गुण देतो, आणि डोक्याला सौम्य धक्का बसून घरी गेलेला माणूस अगदी खाली गुण देतो. गंभीर अपंगत्वासह जगणारे अनेक लोक स्वतःचे आयुष्य चांगले असल्याचे सांगतात, हे गॅरी आल्ब्रेख्ट आणि पॅट्रिक डेव्हलिगर यांनी १९९९ साली मांडले होते आणि त्याला अपंगत्वाचा विरोधाभास म्हटले जाते. परंतु मेंदूच्या इजेत चांगल्या गुणांमागे तीन अगदी वेगळ्या गोष्टी असू शकतात. माणसाने खरोखर जुळवून घेतलेले असते. किंवा ‘चांगले आयुष्य’ म्हणजे काय याचे त्याचे मोजमापच आतून बदललेले असते. किंवा आपल्यात काय बदलले हे त्याला दिसतच नसते. कागदावर तिन्हींचे गुण सारखेच दिसतात, म्हणून केवळ गुणांवरून निर्णय करणाऱ्या अहवालावर माझा विश्वास बसत नाही.

आजाराविषयीच्या धारणेचा प्रश्न इथेच येतो. हॉवर्ड लेव्हेंथल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या सुमारास असे दाखवले की आजारी माणूस डॉक्टरांचे निदान नुसते स्वीकारत नाही, तर त्या आजाराचे स्वतःचे एक चित्र तयार करतो आणि त्या चित्राप्रमाणे वागतो. मला नेमके काय झाले आहे आणि कोणती लक्षणे त्याची आहेत, कशामुळे झाले, किती काळ चालणार, त्याचे परिणाम काय, आणि त्यावर माझा किंवा उपचारांचा काही ताबा चालतो का, या पाच प्रश्नांची उत्तरे त्या चित्रात असतात. पुढे त्यात आणखी दोन बाजू जोडल्या गेल्या : आजार मला कितपत कळतो, आणि त्यामुळे मी भावनिकदृष्ट्या किती हादरतो. या धारणा मोजणारी प्रश्नावली १९९६ साली आली, २००२ साली ती सुधारली गेली आणि २००६ साली तिची नऊ प्रश्नांची छोटी आवृत्ती निघाली. त्यांपैकी आठ प्रश्नांना ० ते १० मध्ये उत्तर द्यायचे असते आणि नवव्यात आजाराची आपल्याला वाटणारी तीन प्रमुख कारणे लिहायची असतात. धारणा बदलली की केवळ मन हलके होते असे नाही. कीथ पेट्री यांच्या गटाने २००२ साली हृदयविकाराच्या झटक्यानंतरच्या रुग्णांशी रुग्णालयातच त्यांच्या आजाराच्या चित्राबद्दल मोजक्या भेटींत काम केले, तेव्हा ते इतरांपेक्षा लवकर कामावर परतले.

मात्र हृदयाच्या रुग्णाला आजाराचे चित्र रंगवण्यासाठी शाबूत मेंदू हाताशी असतो. आपल्या बंधूंच्या बाबतीत ज्या अवयवाने चित्र काढायचे त्यालाच इजा झाली आहे. या एका फरकामुळे धारणेविषयीचे इतर आजारांतले ज्ञान इथे जसेच्या तसे लावता येत नाही, आणि उपचारांची बहुतेक गुंतागुंत यातूनच निर्माण होते.

यातली पहिली अडचण स्मृतीची आहे. गंभीर इजेनंतर शुद्ध आली तरी कित्येक दिवस, कधी कित्येक आठवडे, नव्या आठवणी मेंदूत ठसत नाहीत. अपघात, अतिदक्षता विभाग, नळ्या, पहिला शब्द, पहिले पाऊल यांतले बहुधा काहीच बंधूंना आठवत नसेल. आपल्यासाठी आणि वहिनींसाठी मात्र ते दिवस आयुष्यातले सर्वात ठळक दिवस आहेत. त्यामुळे आपण त्यांची तुलना अतिदक्षता विभागातल्या निश्चल देहाशी करता आणि आपल्याला डोंगराएवढी सुधारणा दिसते. ते स्वतःची तुलना त्यांना आठवणाऱ्या शेवटच्या दिवसाशी, म्हणजे अपघाताच्या आधीच्या धडधाकट, कमावत्या, एकाच वेळी दहा कामे सांभाळणाऱ्या माणसाशी करतात, आणि त्यांना तेवढीच मोठी घसरण दिसते. दोन्ही मोजमापे प्रामाणिक आहेत, फक्त मोजायला सुरुवात केलेले बिंदू वेगळे आहेत. ‘अहो, तुम्ही कुठून कुठे आलात ते बघा’ हे वाक्य घरचे अतिशय प्रेमाने म्हणतात, पण ज्या ठिकाणाहून ते आले ते ठिकाण त्यांनी पाहिलेलेच नसते. म्हणून त्या वाक्याने धीर येत नाही, उलट आपले दुःख कोणाला कळत नाही असे वाटते. त्या काळाची साध्या भाषेत लिहिलेली, तारखा आणि छायाचित्रे असलेली नोंदवही तयार करावी आणि त्यांची तयारी असेल तेव्हा ती थोडी थोडी त्यांच्यासोबत वाचावी. हरवलेल्या आठवणी त्यातून परत येणार नाहीत, परंतु स्वतःच्या आजाराची सलग हकिकत त्यांच्या हाती येते, आणि आजार कळल्याची भावना वाढली की भीती कमी होते असा माझा अनुभव आहे.

दुसरी अडचण भानाची आहे. मेंदूचा पुढचा भाग आणि विशेषतः उजवा गोलार्ध दुखावला असेल तर माणसाला स्वतःतले बदल अनेकदा कळत नाहीत. त्यात लबाडी किंवा हट्ट नसतो. ब्रूस क्रॉसन आणि सहकाऱ्यांनी १९८९ साली या भानाच्या तीन पायऱ्या सांगितल्या, आणि घरच्या माणसांनाही त्या उपयोगी पडतात. पहिल्या पायरीवर माणूस ‘माझी स्मरणशक्ती कमी झाली आहे’ असे म्हणू शकतो, पण ते पाठ केलेल्या माहितीसारखे असते. दुसऱ्या पायरीवर, चूक होत असतानाच ती त्याच्या लक्षात येते. तिसऱ्या पायरीवर, पुढे कुठे अडचण येणार हे त्याला आधीच ओळखता येते आणि तो त्याची तयारी करतो. दुसऱ्या पायरीवर पोहोचलेला माणूस सर्वात जास्त दुखावलेला असतो, कारण चुका दिसू लागलेल्या असतात, पण त्या टाळण्याचे कौशल्य अजून आलेले नसते. आपल्या वर्णनावरून बंधू याच टप्प्यावर असावेत. पहिल्या आठ महिन्यांतले भरघोस गुण हे न दिसण्याचे गुण होते आणि आजचे कमी गुण हे दिसू लागल्याचे आहेत. म्हणून गुणांतली ही घसरण पुनर्वसनाच्या दृष्टीने प्रगती असू शकते. सहा महिन्यांपूर्वी ते उपचारांना ‘कशासाठी?’ म्हणत असतील, तर आज त्यांना कारण सापडले आहे.

प्रगती असली तरी तिच्यासोबतचे दुःख कमी खरे ठरत नाही, आणि ते आपोआप ओसरेल असे समजून वाट पाहू नये. चार्ल्स बॉम्बार्डिअर यांच्या गटाने २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, मेंदूच्या इजेमुळे रुग्णालयात दाखल झालेल्यांपैकी ५३ टक्के लोकांमध्ये पहिल्या वर्षात केव्हातरी तीव्र नैराश्याचे निकष पूर्ण झाले होते. डेन्मार्कमधील लोकसंख्येच्या नोंदींवर आधारलेल्या, २०१८ सालच्या मोठ्या अभ्यासात मेंदूची इजा झालेल्यांमध्ये आत्महत्येचा धोका इतरांच्या जवळपास दुप्पट आढळला. म्हणून ‘माझे काहीच उरले नाही’ हे वाक्य हलके घेऊ नये. जगणे नकोसे वाटते का, स्वतःला काही करून घेण्याचे विचार येतात का, हे त्यांना सरळ आणि शांतपणे विचारावे. विचारल्याने असे विचार डोक्यात भरवले जातात ही समजूत चुकीची आहे. उत्तर होकारार्थी असेल, किंवा उत्तर टाळले जात आहे असे वाटले, तर त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांना किंवा रुग्णालयाच्या तातडीच्या विभागाला गाठावे आणि तोवर त्यांना एकटे ठेवू नये.

‘डोके आतून सडत चालले आहे’ हे वाक्य मला आपल्या पत्रातले सर्वात महत्त्वाचे वाटते, कारण त्यात त्यांच्या आजाराचे संपूर्ण चित्र आहे : आजार संपलेला नाही, तो वाढतो आहे, आणि त्यावर माझा ताबा नाही. असे चित्र ज्याच्या मनात आहे तो प्रत्येक विसरलेली वस्तू, प्रत्येक न आठवलेला शब्द त्या सडण्याचा पुरावा म्हणून जमा करतो. त्यात आणखी एक गोष्ट घडते. इजेपूर्वीही आपण नावे विसरत होतो, खोलीत येऊन कशासाठी आलो ते आठवत नव्हते, हे माणसाला आठवत नाही. पूर्वीचे दिवस मागे वळून पाहताना निर्दोष दिसतात, आणि आजची प्रत्येक चूक इजेच्या खात्यावर जाते. या चित्राशी वाद घालून उपयोग होत नाही. त्यांच्याकडून ते आधी पूर्ण ऐकून घ्यावे लागते. शक्य असेल तर कागदावर काढून घ्यावे. मग पहिला आणि ताजा स्कॅन शेजारी ठेवून न्यूरॉलॉजिस्टने त्यांना दाखवावे की इजा एका दिवशी झाली, तिचे व्रण तिथेच आहेत आणि ते पसरलेले नाहीत. इथे खोटा धीर देऊ नये. गंभीर इजेनंतर उतारवयात स्मृतिभ्रंशाची जोखीम काही प्रमाणात वाढते हे खरे आहे, आणि ते कुठेतरी वाचूनच अनेक रुग्ण घाबरलेले असतात. वाढलेली जोखीम आणि आज चाललेला ऱ्हास या दोन गोष्टींमधले अंतर त्यांना वेळ घेऊन समजावून सांगितले पाहिजे, आणि रक्तदाब, झोप, व्यायाम, मद्य टाळणे व डोक्याला पुन्हा मार लागू न देणे यांतून त्या जोखमीवर काय करता येते तेही सांगितले पाहिजे.

काळाविषयीची धारणाही तपासावी. पहिल्या काही महिन्यांत सुधारणा झपाट्याने होते, नंतर वेग मंदावतो, आणि मंदावलेला वेग म्हणजे थांबलेली सुधारणा असा अर्थ रुग्ण आणि कधीकधी डॉक्टरही काढतात. अमेरिकेतील अनेक रुग्णालयांनी मिळून केलेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, गंभीर इजा झालेल्यांपैकी दोन आठवड्यांनी सुमारे १२ टक्के लोक समाधानकारक स्थितीत होते. एका वर्षाने हे प्रमाण सुमारे ५२ टक्के झाले. त्या पाहणीत ‘समाधानकारक’ याचा अर्थ दिवसातला निदान काही काळ घरात एकट्याने राहता येण्याइतके स्वावलंबन इतकाच होता, पूर्ववत होणे असा नव्हता. पण सुरुवातीच्या आठवड्यांवरून कोणाचेही भविष्य ठरवू नये, एवढे त्यातून निश्चित कळते. पंधरा महिन्यांनंतर मेंदूची स्वतःची भरपाई पूर्वीच्या वेगाने होणार नाही. मात्र कामे करण्याच्या नव्या रीती शिकणे, थकव्याचे नियोजन जमणे, चुका आधी ओळखता येणे, यांत त्यानंतरही अनेक वर्षे भर पडताना मी पाहते.

ताबा असल्याची धारणा बोलण्याने क्वचितच बदलते, ती करण्याने बदलते. मी वापरते ती पद्धत साधी आहे. एखादे ठरावीक काम, उदाहरणार्थ महिन्याची बिले भरणे, करण्याआधी ते काम किती वेळात होईल, किती चुका होतील आणि कितपत थकवा येईल याचा अंदाज रुग्णाने स्वतः लिहायचा. काम झाल्यावर प्रत्यक्षात काय झाले ते शेजारी लिहायचे आणि फरकाविषयी बोलायचे. ज्याला स्वतःच्या अडचणी दिसत नाहीत त्याला यातून त्या कोणी न दुखावता दिसू लागतात. आणि आपल्या बंधूंसारखा, सगळेच संपले असे मानणारा माणूस आपला अंदाज वास्तवापेक्षा काळा होता हे स्वतःच्या हस्ताक्षरात वाचतो. स्मृतीसाठी बाह्य साधनांची मदत घेण्यात अनेकांना कमीपणा वाटतो, परंतु बार्बरा विल्सन यांच्या गटाने २००१ साली वेळेवर आठवण करून देणाऱ्या पेजरचा अभ्यास केला तेव्हा बहुसंख्य रुग्णांची रोजची कामे लक्षणीयरीत्या अधिक वेळेवर होऊ लागली. आज तेच काम मोबाइलमधील आठवणसूचना करते. औषध वेळेवर घेतले गेले, भेट चुकली नाही, असे दोन महिने गेले की ‘माझ्या हातात काही नाही’ हे वाक्य बोलणे माणसाला जड जाऊ लागते.

थकव्याविषयी दोन शब्द, कारण बाहेरून तो आळसासारखा दिसतो. पूर्वी आपोआप होणारी कामे आता लक्ष देऊन करावी लागतात आणि त्यात शक्ती खर्च होते. अनेक रुग्ण बरे वाटले त्या दिवशी सगळे उरकतात आणि पुढचे दोन दिवस झोपून काढतात. ती पडझड त्यांना पुन्हा आजार वाढल्याची खूण वाटते. कामाचे छोटे तुकडे, ठरलेल्या वेळेची विश्रांती आणि चांगल्या दिवशीही न मोडलेली मर्यादा यांनी हे चक्र तुटते.

इथे सौम्य इजेविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण त्या प्रकारात धारणेचे काम उलट दिशेने चालते आणि लोक दोन्हींची गल्लत करतात. सौम्य धक्का बसलेल्या बहुतेकांची लक्षणे काही आठवड्यांत, फार तर तीन महिन्यांत, मिटतात. ज्यांची टिकतात त्यांच्यात, या लक्षणांचे परिणाम गंभीर आणि दीर्घकाळचे असतील अशी सुरुवातीपासूनची समजूत अधिक आढळते, हे २००७ सालच्या व्हिटेकर आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात दिसले. जेनी पॉन्सफोर्ड यांच्या गटाने २००२ साली दाखवले की इजेनंतर आठवड्याभरात, काय होईल आणि काय करावे हे सांगणारी छोटी पुस्तिका दिली तर तीन महिन्यांनी तक्रारी आणि चिंता कमी राहते. लक्षणे खोटी होती असा याचा अर्थ मुळीच नाही. योग्य वेळी मिळालेले खरे चित्र हाही उपचारच असतो. गंभीर इजेत मात्र धारणा दुरुस्त करून इजा नाहीशी होत नाही, आणि तशी आशा दाखवणाऱ्यांपासून सावध राहावे.

वहिनींबद्दल आपण एकच ओळ लिहिली आहे, पण मी त्यांच्यासाठी अधिक थांबेन. आजाराचे चित्र जोडीदाराच्याही मनात असते, आणि दोघांची चित्रे जुळत नसली की घरात ताण वाढतो. ग्लासगोमध्ये नील ब्रुक्स आणि सहकाऱ्यांनी गंभीर इजा झालेल्यांच्या नातेवाइकांना पाच वर्षांपर्यंत पुनःपुन्हा विचारले, तेव्हा स्वभाव बदलल्याची तक्रार काळाबरोबर वाढत गेली आणि पाच वर्षांनी सुमारे तीन-चतुर्थांश नातेवाईक ती सांगत होते. घरच्यांना शारीरिक अपंगत्वापेक्षा स्वभावातील बदल जास्त जड गेला. माणूस समोर असतो, तरी ज्याच्याशी संसार मांडला तो सापडत नाही, अशा हानीला पॉलीन बॉस या अभ्यासक ‘संदिग्ध हानी’ म्हणतात. तिच्यासाठी रडण्याची परवानगीही कोणी देत नाही, कारण लोकांच्या दृष्टीने पेशंट वाचलेला असतो. ‘ते खूप सुधारले आहेत’ असे म्हणणाऱ्या वहिनी कदाचित स्वतःला उभे ठेवण्यासाठीही ते म्हणत असतील. त्यांना एकटीने बोलता येईल अशी वेगळी भेट अवश्य मागा. आठवड्यातून काही तास त्यांची जबाबदारी आपण किंवा दुसऱ्या कोणी घेतली, तर त्याचा परिणाम बंधूंच्या प्रकृतीवरही दिसेल.

मोजमाप थांबवू नका, पण ते नीट करा. बंधूंनी प्रश्नावली सकाळी, थकवा नसताना, दोन छोट्या बैठकांत भरावी. वहिनींनी तीच प्रश्नावली, बंधूंविषयी, वेगळ्या खोलीत भरावी. नातेवाइकाचे उत्तर हेच सत्य आणि रुग्णाचे उत्तर चूक, असे मानण्याची सवय काही ठिकाणी दिसते आणि ती मला अन्याय्य वाटते. राग, विसर, पुढाकाराचा अभाव अशा दिसणाऱ्या गोष्टींत जवळच्या माणसाचे निरीक्षण भरवशाचे असते. आतले समाधान, लाज, एकटेपणा यांविषयी मात्र रुग्णाचाच शब्द प्रमाण मानावा. दोघांची उत्तरे, स्मृती-एकाग्रतेच्या चाचण्यांतील कामगिरी आणि आजाराच्या धारणेची छोटी प्रश्नावली हे चारही कागद एकत्र वाचले की कोणत्या भागावर काम करायचे ते दिसते. सहा महिन्यांनी पुन्हा मोजताना फक्त एकूण गुण पाहू नका. प्रत्येक भागाचे गुण वेगळे पाहा.

उपचारांत समुपदेशन आणि मेंदूच्या कौशल्यांचा सराव वेगवेगळ्या ठिकाणी, एकमेकांना माहिती नसताना चालू असेल, तर ते एकत्र आणण्याचा प्रयत्न करा. विचार, भावना, नाती आणि काम या सगळ्यांवर एकाच गटाने मिळून काम करण्याची पद्धत येहुदा बेन-यिशाय आणि जॉर्ज प्रिगाटानो या मानसशास्त्रज्ञांनी रुजवली, आणि इंग्लंडमधील इली येथे १९९६ साली सुरू झालेले ऑलिव्हर झँगविल केंद्र याच पद्धतीने चालवले गेले. कीथ सिसेरोन यांच्या २००८ सालच्या चाचणीत, अशा एकत्रित उपचारांनी समाजात मिसळणे आणि आयुष्याविषयीचे समाधान हे नेहमीच्या उपचारांपेक्षा अधिक सुधारले. असे केंद्र आवाक्यात नसेल तर निदान न्यूरोसायकॉलॉजिस्ट (मेंदू आणि वर्तन यांचे तज्ज्ञ), ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामे पुन्हा शिकवणारे) आणि मानसोपचारतज्ज्ञ यांनी महिन्यातून एकदा एकमेकांशी बोलावे, एवढा आग्रह आपण धरू शकता. नैराश्यासाठी बोलण्याचे उपचार दिले जातात तेव्हा बैठका छोट्या असाव्यात, प्रत्येक बैठकीचा सार लिहून हातात द्यावा आणि घरचे एक माणूस शेवटची दहा मिनिटे सोबत असावे. अन्यथा चांगला उपचारही विसरण्यात वाया जातो.

कामावर परतण्याचा विषय बंधू काढतील तेव्हा ‘आत्ता नको’ किंवा ‘नक्की जमेल’ यांपैकी कोणतेच उत्तर घाईने देऊ नका. जुन्या कामाचे तुकडे पाडा, त्यातला शांत जागेत एका वेळी एकच गोष्ट करण्याचा तुकडा निवडा आणि आठवड्यातून दोन सकाळी तो करून पाहू द्या, अंदाज आणि प्रत्यक्ष यांची तीच वही सोबत ठेवून. पुढच्या तपासणीला जाताना ती वही, दोन्ही प्रश्नावल्या आणि औषधांची यादी बरोबर न्या, आणि डॉक्टरांना पहिला प्रश्न विचारण्याची संधी बंधूंना द्या.